पालवी फुटली की कॅमेरा काढा: ठाण्यातल्या वसंतातले किडे

गेल्या वर्षी पाडव्याला दोनेक आठवडे असताना, सकाळीच शेजारच्या काकूंनी दारावर थाप मारली. "अहो, जरा येऊन बघता का? कढीपत्त्यावर कावळ्याने घाण केलीय म्हणून पुसायला गेले, तर ती घाण चालायला लागली."

त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीत कढीपत्त्याला नुकती पोपटी पालवी फुटली होती. एका कोवळ्या पानाच्या मधोमध बोटाच्या पेराहून लहान, काळपट तपकिरी, मध्ये पांढरट डाग असलेलं काहीतरी ओलं-ओलं चमकत होतं. पक्ष्याची शीट म्हणून कुणीही फसावं असं. मी गवताच्या पात्याने हलकेच शिवलं, तशी डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांची शिंगं झटकन बाहेर आली आणि आंबट-उग्र भपकारा नाकात शिरला. काकू दोन पावलं मागे सरकल्या.

"लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे," मी म्हटलं. "मोठी झाली की हिरवीगार होईल, मग कोश करेल."

"आणि माझा कढीपत्ता?"

"थोडा खाईल. परत फुटेल तो."

काकूंनी बराच वेळ वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "हिचा फोटो येईल का नीट? नातीला पाठवला असता." त्यांनी पाच-सहा काढले. प्रत्येक फोटोत मागची कुंडी लख्ख आणि अळी धुरकट. फोटो असा का येतो, अळी याच दिवसांत याच पानावर का असते, आणि दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांना सांगताना जे बोललो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आपला वसंत पालवीचा

थंड देशांत वसंतात किडे दिसू लागतात, कारण गारठा सरतो. ठाण्यात तो हिशोब चालत नाही. आपल्याकडे किड्यांना गोठवणारी थंडीच नाही. बारा महिने काही ना काही उडत-सरपटत असतं, आणि खरी गर्दी होते ती पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर. मग फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत बघायचं ते काय?

बघायची ती पालवी. येऊरच्या डोंगराकडे जानेवारीत पाहिलं तर निम्मी झाडं खराट्यासारखी दिसतात. होळीच्या सुमारास तीच झाडं, पावसाचा थेंब नसताना, खोल मुळांच्या आणि खोडात साठलेल्या पाण्याच्या जोरावर नवी पानं काढतात. पिंपळ तांबूस होतो, कुसुम तर लालभडक. पावसाआधीच पानं काढण्याची ही घाई का, याचं एक कारण किड्यांशीच जोडलेलं आहे. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की कोरड्या दिवसांत पालवी काढणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्ली आणि पावसात पालवी काढणाऱ्यांची जास्त. किड्यांची फौज उभी राहायच्या आत पानं निबर करून घ्यायची, असा झाडाचा डाव.

कोवळं पान अळीसाठी पंचपक्वान्न असतं. त्यात प्रथिनं जास्त, तंतू कमी. नुकत्या जन्मलेल्या अळीचे जबडे इतके बारीक असतात की निबर पान तिला चावतच नाही. म्हणून मादी अंडी घालायला शेंड्याची पानं शोधते. आपल्याला यातून एक फार सोयीची गोष्ट मिळते. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं असतं आणि किडे त्यात विखुरलेले असतात. वसंतात किडे संख्येने कमी, पण त्यांच्या जागा ठरलेल्या: जिथे पालवी, जिथे फूल, जिथे ओल. नव्याने बघायला लागणाऱ्या माणसासाठी याहून चांगला मोसम नाही असं माझं ठाम मत आहे.

आता जागा कोणत्या? त्यासाठी जंगलात जायची गरज नाही, सोसायटीचं आवार पुरतं. कुंपणाला शिपायासारखी रांगेत उभी असलेली, खाली झुकलेल्या पानांची उंच झाडं आपण अशोक म्हणून ओळखतो. तो खरा अशोक नव्हे, आसुपालव. त्याच्या तांबूस, तकतकीत नव्या पानांवर काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं एक चपळ, शेपटीवालं फुलपाखरू अंडी घालतं. झाडाचा शेंडा उंच असतो म्हणून निराश होऊ नका. माळ्याने छाटलेल्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर जे धुमारे फुटतात, ते बघा. बहाव्याला नवी पानं आली की फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं त्याच्याभोवती पिंगा घालताना दिसतात, त्यांच्या अळ्या बहावा आणि टाकळ्याच्या कुळातली झाडं खातात. तगरीची पानं एका रात्रीत गायब झाली, तर फांदीच्या खालच्या बाजूला हिरवी, करंगळीपेक्षा जाड, डोक्यामागे दोन निळे डोळे काढलेली अळी सापडेल. ते डोळे खोटे. खरं डोकं पुढे, लहानसं. तिचा होणारा पतंग हिरव्या-गुलाबी छटांचा, एखाद्या जुन्या शालूसारखा देखणा असतो.

आणि कण्हेर. कण्हेरीच्या पानाखाली हबशी या काळपट तपकिरी फुलपाखराचा कोश लटकतो. तो सोन्या-चांदीचा मुलामा दिल्यासारखा आरशागत चकाकतो. यात रंगद्रव्य नाही. कोशाच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला सोनेरी दिसतो. हा कोश फोटो काढणाऱ्याची परीक्षा बघतो, त्याच्याकडे मी पुढे येतो.

घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळे गावात ओवळेकर वाडी आहे. तिथे जाळी नाही, काचघर नाही. फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी झाडं आणि मोठ्या फुलपाखरांना मध देणारी झाडं एकत्र लावली, आणि आसपासची फुलपाखरं आपणहून आली. अळीचं झाड वेगळं आणि फुलपाखराचं झाड वेगळं, ही गोष्ट तिथे अर्ध्या तासात जशी समजते तशी वाचून समजत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं नीलवंत, म्हणजे काळ्या पंखांवर निळाईचे मोठे पट्टे असलेलं, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आपल्या कढीपत्त्यावरच्या अळीचं ते जवळचं नातलग.

भुंगा म्हणजे नक्की कोण

मराठीत या बाबतीत थोडा घोळ आहे आणि तो सोडवला की बघणं सोपं होतं. आपण कठीण पाठीच्या किड्यालाही भुंगा म्हणतो आणि काळ्याभोर, गुणगुणणाऱ्या मोठ्या माशीलाही. पहिल्यासाठी भुंगेरा हा शब्द चांगला आहे, तो वापरावा. दुसरी ही खरोखरची एक जातीची माशी, मधमाशीची चुलत बहीण. वाळलं लाकूड पोखरून त्यात ती घर करते. लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या पाकळ्यांत मात्र अडकून पडतो, ही उपमा आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यातला भुंगा तो हाच. मांडवाचे जुने बांबू गच्चीवर पडले असतील तर त्यांना पडलेली रुपयापेक्षा लहान, अगदी गोल भोकं बघा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊर, पारसिक, खारघरच्या उतारांवर गिरिपुष्पाची फिकट गुलाबी फुलं लगडतात, तिथे हा भुंगा हमखास भेटतो. पण त्याची खरी कमाल बघायची तर वांग्याचं झाड लावा. वांग्याच्या फुलातले पिवळे पुंकेसर मिठाच्या डबीसारखे असतात: टोकाला बारीक छिद्र, आत परागकण. नुसतं बसून ते मिळत नाहीत. भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरतो, पंख न हलवता छातीतले उडायचे स्नायू जोरात थरथरवतो आणि पराग भुरभुरून खाली सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. भुंग्याला जमतं, आणि निळ्या पट्ट्यांच्या एका गुबगुबीत माशीलाही. टोमॅटोचं फूलही असंच. कान देऊन ऐका. उडतानाचा सूर जाड असतो, फुलाला बिलगल्यावर तो एकदम चढतो आणि बारीक होतो. सूर बदलला की बटण दाबायचं. त्या क्षणी किडा जागचा हलत नाही.

निळ्या पट्ट्यांच्या या माशीबद्दल थोडं आणखी. तिचे नर रात्री एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून, पाय मोकळे सोडून झोपतात. कधी एकाच काडीवर पाच-सहा जण रांगेत. संध्याकाळी अंधार पडताना काडी हेरून ठेवायची आणि पहाटे उजाडताच तिथे जायचं. ते अजून झोपलेले असतात, अंगावरचा लवलवता केस न केस मोजता येतो. इतका शांत, इतका जवळचा किडा दिवसा कधीच मिळत नाही. पण काडी तोडून घरी आणायची नाही.

सकाळी सात ते साडेनऊ

किड्याचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. उडायचे स्नायू चालायला ऊब लागते आणि ती बहुतेकांना उन्हातून घ्यावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाण्यात पहाटे पारा विशीच्या आसपास असतो आणि दुपारी पस्तिशीला टेकतो. म्हणजे उजाडल्यावर दोन-अडीच तास असा काळ मिळतो, जेव्हा किडे जागे असतात पण सुस्त. फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा पंखांची वरची बाजू मिळते. दहाच्या सुमारास ती तापलेली असतात, पंख मिटून बसतात आणि सावली पडली की पळतात. अकरानंतर ऊन आणि खाडीवरून येणारा वारा दोन्ही वाढतात. पान हलायला लागलं की जवळचा फोटो विसरा.

किडा का पळतो, हेही समजून घ्यावं. त्याचा डोळा एक नसून हजारो बारीक डोळ्यांचा जुडगा असतो. घरमाशीच्या एका डोळ्यात असे तीन हजारांहून जास्त भाग, चतुराच्या डोळ्यात तीस हजारांच्या घरात. या डोळ्याला आकार फार बारीक दिसत नाही, पण हालचाल विलक्षण चटकन कळते. आपल्याला सलग वाटणारा दिव्याचा प्रकाश माशीला लुकलुकताना दिसतो. म्हणून आडवं सरकू नका, तिच्या नजरेत तुम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता. समोरून, सरळ रेषेत, सावकाश जा, म्हणजे तुम्ही जागच्या जागी फक्त थोडे मोठे होत जाता. सावली तिच्यावर पडू देऊ नका. आणि ज्या फांदीवर ती बसली आहे त्या फांदीला हात लावू नका, तिच्या पायांना तुमच्या आधी फांदी कळते.

प्रार्थना कीटकाच्या हिरव्या डोळ्यांत एक काळा ठिपका असतो. तुम्ही जिथे जाल तिथे तो तुमच्याकडे वळतो. ती बाहुली नव्हे. जुडग्यातले जे डोळे नेमके तुमच्या दिशेला असतात, त्यांच्यात शिरलेला प्रकाश आत शोषला जातो, परत येत नाही, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. तुम्ही हललात की दुसरे डोळे तुमच्या रेषेत येतात. फोटोत हा ठिपका आला, तर बघणाऱ्याला किडा आपल्याकडे रोखून बघतोय असं वाटतं.

पापडाएवढी जागा

आता काकूंच्या धुरकट अळीकडे येऊ. कॅमेऱ्याला एका वेळी ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. त्या अंतराच्या थोडं पुढे आणि थोडं मागे चालतं, त्यापलीकडे सगळं विरघळतं. डोंगराचा फोटो काढताना ही चालणारी पट्टी मैलोगणती असते. किड्याच्या जवळ जाऊ तशी ती आकसत जाते. किडा जितका आहे तितकाच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पाटीवर, उमटेल इतकं जवळ गेलं, म्हणजे ज्याला छायाचित्रकार १:१ म्हणतात, तर छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या सेन्सरवर आणि भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र एफ ११ एवढं बारीक केलं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), तरीही स्पष्ट पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटरची उरते. एका पापडाची जाडी. छिद्र एफ २.८ एवढं उघडं ठेवलं तर ती त्याच्याही पाव हिश्श्यावर येते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

मग छिद्र आणखी बारीक का करू नये? कारण प्रकाश फार बारीक छिद्रातून जाताना कडांपाशी पसरतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. शिवाय इतक्या जवळून एफ ११ चं छिद्र प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागतं. म्हणून बहुतेक जण एफ ८ ते ११ च्या दरम्यान राहतात, मीही तिथेच राहतो.

हा पापड कुठे ठेवायचा, एवढाच मग प्रश्न उरतो. मुख्य म्हणजे डोळा त्यात आला पाहिजे. पाय, पंख, शेपटी धूसर झाली तरी चालतं, डोळा धूसर असेल तर चित्र मेलं. दुसरं, किड्याचं अंग पापडाला समांतर आणा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर बाजूने, पंखाच्या अगदी सरळ समोर या, म्हणजे सबंध पंख त्या सव्वा मिलिमीटरात मावतो. थोडे तिरके झालात की अर्धा गेला. तिसरं, यंत्राला फोकस शोधू देऊ नका. अंतर एकदा पक्कं करा आणि स्वतःच श्वास सोडत अगदी हळू पुढे-मागे झुला, डोळा लख्ख दिसला की तीन-चार फोटो एकापाठोपाठ घ्या.

मोबाइलवाल्यांसाठी चांगली बातमी अशी, की फोनचा सेन्सर इटुकला असल्यामुळे त्याची पट्टी जाड असते. काकूंचा घोटाळा वेगळा होता. त्या फार जवळ गेल्या होत्या, इतक्या की भिंगाला तिथे फोकसच करता येत नव्हता, म्हणून त्याने मागची कुंडी पकडली. थोडं मागे या, दुप्पट झूम करा, अळीवर बोट टेकवून ठेवा. स्वस्त फोनांत दोन मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, त्याच्या नादी लागू नका, मुख्य कॅमेऱ्याने काढून कडा कापणं कितीतरी बरं. शंभर मिलिमीटरच्या आसपासच्या फोकल लेंथचं मॅक्रो, म्हणजे जवळून फोटो काढायचं, भिंग महाग असतं. ते नसेल तर नेहमीच्या भिंगामागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावता येते. फोनवर अडकवायचं क्लिपचं भिंगही शिकायला पुरेसं आहे. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

उडणाऱ्या किड्यांचा एक हिशोब सांगतो. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशे तीसच्या आसपास वेळा हलतात. शटर एक हजारांश सेकंदाचं ठेवलं तरी तेवढ्या वेळात पंख आपल्या फेरीचा जवळपास चौथा भाग फिरून जातो, आणि फोटोत धुक्यासारखा येतो. कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश मात्र दहा हजारांश सेकंदही टिकत नाही. पंख गोठवतो तो फ्लॅश.

तांब्या आणि खिडकी

पण उघडा फ्लॅश म्हणजे किड्याच्या पाठीवर पांढराफटक डाग. घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या उघड्या बल्बखाली धरा, एक डोळे दिपवणारा ठिपका दिसेल, बाकी काळं. तोच तांब्या मोठ्या खिडकीजवळ धरा, त्यावर अख्खी खिडकी मऊ उजेडासारखी पसरेल आणि त्याची गोलाई कळेल. भुंगेऱ्याची पाठ हा तांब्याच आहे. उजेड देणारी वस्तू किड्याच्या मानाने जितकी मोठी आणि जवळ, तितका उजेड मऊ. एका मुंगीच्या मानाने हाताच्या पंजाएवढा पांढरा कागदसुद्धा आभाळाएवढा असतो. म्हणून फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर, श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण, धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, काहीही चालतं. फ्लॅश नसेल तर ऊन किड्यावर थेट पडू न देता बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. हबशीच्या सोनेरी कोशात तुमचा शर्ट, कॅमेरा, समोरची इमारत सगळं दिसतं. त्याच्याभोवती पांढऱ्या कागदाची अर्धी कमान केली, तरच ते सोनं फोटोत सोन्यासारखं उतरतं.

जास्वंदीवरचं युद्ध

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस लागलेला तुम्ही पाहिला असेल. ते पिठ्या ढेकूण. ते झाडाचा रस शोषतात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतात, ती गोळा करायला मुंग्या येतात आणि बदल्यात ढेकणांचं रक्षण करतात. भिंग लावून बघा, मुंगी ढेकणाच्या पाठीवर मिशांनी टकटक करते आणि थेंब येतो.

याच कापसात कधी कधी एक जरा मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा, भराभर चालणारा जीव दिसतो. तो पिठ्या ढेकूण नाही. त्याला खाणाऱ्या भुंगेऱ्याची ती अळी आहे, मेणाच्या झिपऱ्या पांघरून शत्रूच्या वेषात फिरणारी. यातली एक प्रसिद्ध जात, क्रिप्टोलेमस, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणली गेली, कॉफीच्या मळ्यांतल्या किडीसाठी. पूर्वी मी या अळ्या मोठे ढेकूण समजून बोटाने चिरडल्या आहेत. त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सरसकट फवारणीवर माझा राग आहे. एका सोसायटीत मार्चमध्ये फवारणी झाली, तेव्हा पिठ्या ढेकणांची अंडी त्यांच्या मेणचट कापसाखाली वाचली. त्यांना खाणारे भुंगेरे, माव्यावर जगणाऱ्या माशांच्या अळ्या, सगळं मेलं. तीन आठवड्यांत जास्वंद आधीपेक्षा पांढरी झाली. पाण्याचा जोरदार फवारा आणि मुंग्यांची वाट अडवणं, इतकं केलं तरी बहुतेक वेळा झाड सावरतं.

आंब्यावरच्या लाल मुंग्यांबद्दल, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, एक सावधगिरी: खोडाला हात टेकून फोटो काढू नका. पानं ओढून धरणाऱ्या कामकरी मुंग्या आणि त्या पानांना शिवणारी अळ्यांच्या तोंडची रेशीमधार बघायला मिळाली तर मात्र दिवस सोन्याचा. त्या रांगेत एखादी मुंगी जरा वेगळी, एकटी, अडखळत चालणारी दिसली तर तिचे पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी आहे. पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरतो, म्हणून सहाच वाटतात. कोळी कीटक नव्हे, पण या छंदात तो येतोच. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जगासमोर आल्या. त्यातल्या एकीचं नाव इशियस तुकारामी, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत हल्लेखोराला धरून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. आपल्या आवारातल्या भिंतीवर काय सापडू शकतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

एकाच फुलपाखराचे दोन वेष

वसंतात काढलेला फोटो पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही, अशी तक्रार नवे लोक करतात. मोरपंखी डोळ्यांचं ते नारिंगी फुलपाखरू घ्या. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखाच्या खालच्या बाजूला डोळे ठळक असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याची तीच बाजू वाळल्या पानासारखी, मधून शीर काढलेली, पंखांची टोकंही पानासारखी. अळी आणि कोश वाढताना तापमान आणि हवा कशी होती, त्यावर हा वेष ठरतो. हिरव्यागार रानात भक्षकाला खोटे डोळे दाखवून चकवता येतं. पाचोळ्यात पाचोळा होऊन पडणंच बरं. म्हणून फोटोसोबत तारीख लिहून ठेवा. तारखेवाचून तो फोटो अर्धाच बोलतो.

जात ओळखायची असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू, भुंगेऱ्याची वरून पाठ, कोळ्याचा समोरून चेहरा, आणि ज्या झाडावर तो बसला होता त्याचं पान, एवढं हवं. अळी ओळखताना तर झाड हीच पहिली खूण. फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले की जाणकार नाव सांगतात आणि ठाण्याच्या नोंदीत भर पडते.

किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणं, दोऱ्याने बांधणं, पंखाला गोंद लावणं, हे प्रकार चालतात. कृपा करून करू नका. येऊरला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाताना वनखात्याच्या वेळा आणि परवानगी पाळा, तिथून कोश किंवा अळी उचलून आणू नका.

काकूंची अळी पंधरवड्याने बाल्कनीच्या गजावर जाऊन कोश झाली. हिरव्या पानावर असता तर कोश हिरवा झाला असता, गंजक्या गजावर तो तपकिरी झाला. नवव्या दिवशी संध्याकाळी कवचातून पंखांची नक्षी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकू फोन आणि श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घेऊन बसल्या होत्या. कवच फाटलं, चुरगळलेले ओले पंख बाहेर आले, फुलपाखरू कवचाला लटकलं आणि पंखांत रक्त भरू लागलं. जमिनीवर गढूळ पाण्याचा एक थेंब पडला. काकूंनी थोडं मागे येऊन, दुप्पट झूम करून, डोळ्यावर बोट टेकवलं.

फोटो मोठा करून बघताना त्यांनी विचारलं, "अहो, याला सोंड दोन कशा?" खरोखरच तोंडापाशी दोन बारीक धागे वेगवेगळे वळवळत होते. कोशातून बाहेर येताना फुलपाखराची सोंड दोन भागांत असते, आणि पंख वाळायच्या आत त्याला ते दोन्ही भाग एकमेकांत गुंतवून नळी करावी लागते. काकूंनी नंतरचे फोटो एकेक करून सरकवले. सातव्यात धागे टोकापर्यंत जुळलेले होते आणि सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती.